पाहून शिकणे आणि पाहू देणे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात लष्कर, ग्वाल्हेर येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा अशी वहिवाट आहे. तो गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केला आहे, तेव्हा त्यात मी भर घालीत नाही. चिटणीसांनी मला विषय दिला तो 'नवी पिढी आणि आपले संस्कार' असा होता. या विषयावर बोलताना वक्ता हटकून नव्या पिढीला चार शब्द सुनावतो आणि जुनी पिढी टाळ्या वाजवते. मला आज तसे करावयाचे नाही. माणूस दुसऱ्याकडे पाहून कसा शिकतो, एवढाच प्रश्न मी घेणार आहे; आणि त्यात कोणाला सुनवावयाचे झालेच तर ते आपणां वडीलधाऱ्यांनाच सुनवावे लागेल, याची आधीच कल्पना देऊन ठेवतो.

ग्वाल्हेरात बसून हा विषय काढावयाचा आणि हस्सूखाँ-हद्दूखाँचे नाव घ्यावयाचे नाही, म्हणजे पंढरपुरास जाऊन विठोबाचे दर्शन न घेण्यासारखे आहे. ती आख्यायिका आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असेल. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमदखाँ नावाचे थोर गवई होते. त्यांच्या तानबाजीचा दरारा मोठा होता आणि ती विद्या ते घराबाहेर जाऊ देत नसत. हस्सूखाँ आणि हद्दूखाँ या दोघा तरुण भावांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे दिवसच्या दिवस ऐकविण्यात आले, आणि पुढे दरबारात हे दोघे गावयास बसले तेव्हा आपलीच तान समोरून येताना ऐकून खाँसाहेब थक्क झाले, अशी ती कथा आहे. कोणी पडद्याऐवजी पलंग सांगतात, कोणी सहा महिन्यांचे वर्ष करतात. आख्यायिकेला असे पाठभेद असावयाचेच.

या कथेवरून आपण सहसा असा निष्कर्ष काढतो की, ज्याला शिकावयाचे आहे तो कसाही शिकतो. त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मला हा निष्कर्ष मान्य नाही. पडद्याआड बसलेले ते दोघे काही कोरे नव्हते. त्यांचे आजोबा नत्थन पीरबक्ष हे स्वतः मोठे गवई. घरात रात्रंदिवस गाणे. त्यांचा कान आणि गळा आधीच तयार झालेला होता. तानेची सुरुवात कोठे, वळण कोठे, दम कोठे घेतला, हे ऐकताक्षणी त्यांना उमगत होते. त्यांच्या जागी तुम्हांआम्हांला बसविले असते, तर आपण सहा महिन्यांत फार तर त्या पडद्याचा रंग पाठ केला असता.

दुसरे असे की, ही गायकी पुढे गावोगाव पोहोचली ती काही पडद्याआडून नव्हे. हस्सूखाँनी वासुदेवबुवा जोशांना समोर बसवून शिकविले. वासुदेवबुवांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना शिकविले. बाळकृष्णबुवांपाशी मिरजेस विष्णु दिगंबर पलुसकर शिकले आणि त्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. मुसलमान उस्तादाने मराठी ब्राह्मणाला दिलेली विद्या तीन पिढ्यांत पंजाबापर्यंत गेली. चोरून ऐकण्याची गोष्ट आपल्या स्मरणात राहिली, कारण ती अपवादाची होती. जी रीत रोजची होती तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

ती रोजची रीत कशी होती? शिष्याला पहिल्या दिवशी चीज मिळत नसे. त्याच्या हाती तंबोरा येई. तो जुळवावयाचा, गुरूच्या मागे बसून छेडावयाचा आणि ऐकावयाचे. पुढे केव्हातरी, गुरूने दम घेतला की तेवढ्यापुरता षड्ज धरून ठेवावयाचा. त्यानंतर अस्ताईचे तोंड गुरूबरोबर म्हणावयाचे. आणखी काही वर्षांनी, भर बैठकीत गुरू मान किंचित वळवून एखादी जागा शिष्यासाठी मोकळी सोडतो, तेव्हा ती भरावयाची. भरता आली नाही तर गुरूचा आवाज वरून येऊन ती चूक झाकून टाकतो. श्रोत्यांना पत्ता लागत नाही, पण शिष्याला लागतो. मागे बसलेला तो पोरगा निव्वळ प्रेक्षक असत नाही. त्याचा तंबोरा उतरला तर गाणे बिघडेल, म्हणून त्याचा कान जागा असतो. त्याला त्या गाण्यात एक लहानशी, पण खरी जागा दिलेली असते. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भर या जागेवर आहे.

आता हे केवळ आपल्याच थोर परंपरेत आहे असे समजून छाती फुगवू नये. आफ्रिकेत लायबेरिया नावाचा देश आहे. जीन लेव्ह नावाच्या अमेरिकन विदुषीने १९७० नंतरच्या दशकात तेथील वाई आणि गोला जमातींच्या शिंप्यांच्या दुकानांत बसून त्यांचे उमेदवार पोरगे कसे शिकतात याचा अभ्यास केला. तेथे कपडा जसा तयार होतो त्याच्या नेमक्या उलट क्रमाने मुलगा शिकतो. पहिल्याने काजे-बटणे, तुरपाई आणि तयार कपड्याला इस्त्री, मग शिवण, आणि कापणे सर्वांत शेवटी. विचार केला म्हणजे यातले शहाणपण ध्यानात येते. तुरपाई चुकली तर उसवता येते; कापड चुकीचे कापले तर ते गेलेच. शिवाय बटणे लावताना अख्खा सदरा रोज हातात येतो. त्याचे भाग कोणते आणि कोणता कोठे बसतो, हे कोणी न सांगता डोळ्यांत भरते. त्यामुळे शिवावयाची वेळ येते तेव्हा आपण काय शिवतो आहो हे त्याला ठाऊक असते. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात काज-बटणे करीत बसलेला पोरगा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला कोणी तासभर व्याख्यान देऊन शिंपी केलेले नाही.

शाळा नको, असे मी म्हणतो आहे असा ग्रह कृपा करून करून घेऊ नये. गणित आणि व्याकरण फळ्यावरच शिकावयास हवे. गुरूगृही राहणाऱ्या शिष्यांच्या वाट्याला पाणी भरणे आणि बोलणी खाणे किती आले, हेही विसरता येत नाही. १९१८ साली भातखंड्यांच्या योजनेप्रमाणे येथे माधव संगीत विद्यालय निघाले, तेव्हा ज्यांच्यासाठी कोणत्याही उस्तादाचे दार उघडले नसते अशा मुलांना स्वर मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गृहस्थीचे आणि समाजाचे पुष्कळसे काम असे आहे की ते कोणत्याही शाळेत नाही. ते केवळ करणाऱ्याजवळ बसूनच येते.

आता घरात येतो. पुरणाचे उदाहरण घ्या. डाळ किती शिजवावी, गूळ केव्हा घालावा, हे लिहून देता येते. पण पुरण झाले हे कसे ओळखावे? आपल्या बायका सांगतात, उलथने उभे राहिले म्हणजे झाले. हेही लिहिता येते. तथापि उलथने उभे राहण्याच्या आधी पातेल्यातला आवाज बदलतो, वाफेचा वास बदलतो, हाताला ओढ जड लागते. हे ज्या मुलीने आईच्या जागी उभे राहून दहा वेळा ढवळले आहे तिलाच कळते. मुलगी म्हणालो, मुलगा म्हणावयासही हरकत नाही. उत्सवाच्या पंगतीचे पुरण आपल्याकडे पुरुष आचारीच घाटीत आले आहेत.

आपल्या संस्थेच्या गणेशोत्सवात पूर्वी महाप्रसादाचा स्वयंपाक मागच्या अंगणात चुलाणावर होई. आदल्या संध्याकाळपासून भाज्या चिरणे, नारळ खवणे, निवडणे चाले. लहान मुले मटार सोलीत आणि निम्मे खात. दहा-बारा वर्षांचा मुलगा पंगतीत मीठ आणि लिंबू वाढी. थोडा मोठा झाला की कोशिंबीर. मिशी फुटली म्हणजे भात. आणि तुपाची तांबली ज्याच्या हाती येई त्याने आपण आता मोठे झालो असे समजावे. लायबेरियाच्या शिंप्यांहून हे निराळे नाही. मीठ वाढणाऱ्या पोराला पंगत कोठून सुरू होते, पान कसे भरते, कोणाला हाताने थांबवावयाची सवय आहे, हे दिसत असे.

काही वर्षांपासून आपण हे काम केटररकडे दिले. तक्रार करीत नाही. मनुष्यबळ नव्हते, बायकांवर भार पडत होता, आणि तो भार कमी झाला हे बरेच झाले. पण त्याबरोबर मीठ वाढणाऱ्या मुलाची जागाही गेली. आता आपली मुले उत्सवात काय करतात? खुर्चीवर बसून आपण नेमलेल्या कलावंतांचा कार्यक्रम पाहतात, प्रसाद घेतात आणि घरी जातात. मग सभेत आपण विचारतो की, तरुण मंडळी कामाला पुढे का येत नाहीत?

कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आली आहे, ती आपणांस ठाऊक असेल. संस्थेतील वृद्ध स्त्रिया, आपले गुरुजी, जुने वाढपी यांच्या कामाचे चित्रीकरण करून ठेवावे आणि मुलांना मोबाईलवर पाठवावे. जपून ठेवण्याच्या दृष्टीने सूचना उत्तम आहे आणि मी तिला पाठिंबाच देतो. परंतु त्याने मुले शिकतील अशी कोणाची समजूत असेल तर एक प्रयोग सांगतो. २०१८ साली कार्डास आणि ओब्रायन या शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. टेबलावर भांडी मांडलेली आहेत आणि खालचा कापड झटक्यात ओढून घ्यावयाचा, भांडी जागची हलता कामा नयेत, ही करामत आपण पाहिली असेल. ज्यांनी तिचे चित्रीकरण वीस वेळा पाहिले, त्यांना एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा आपल्याला हे जमेल याची खात्री पुष्कळ अधिक वाटू लागली. पण बाण फेकणे वगैरे कामांत प्रत्यक्ष कसोटी घेतली, तेव्हा पुष्कळदा पाहणारे काही अधिक चांगले करू शकले नाहीत. पाहण्याने खात्री वाढली, कसब वाढले नाही. याच अभ्यासात एक लहानशी गंमतही होती. कसरतीची वस्तू पाहणाऱ्यांच्या हातात नुसती काही क्षण धरावयास दिली, आणि तेवढ्याने ती फाजील खात्री उतरली. वजन हाताला कळले म्हणजे डोळ्याची घमेंड जाते. पुरण ढवळावयास मुलाच्या हाती उलथने का द्यावे, याला याहून चांगले कारण मजजवळ नाही.

तर मग आपली मुले पाहतच नाहीत का? पाहतात, आणि हा भाग आपण वडील मंडळींनी नीट ऐकावा. ग्वाटेमालातील सान पेद्रो या गावी मायावंशीय मुलांचा एक अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. दोन भावंडांपैकी एकाला खेळणे करावयास शिकवावयाचे आणि दुसऱ्याला जवळच बसवून ठेवावयाचे. त्याला सांगावयाचे की तुझी पाळी नंतर. ज्या घरांत आयांचे शालेय शिक्षण थोडे होते आणि मुले मोठ्यांच्या कामात वावरत होती, त्या घरांतील मुलांनी आपली पाळी नसतानाही शेजारच्याकडे लक्ष ठेवले. आणि आठवड्याने त्यांना तेच खेळणे करावयास दिले तेव्हा त्यांना मदत कमी लागली. ज्यांच्या आया पुष्कळ शिकलेल्या होत्या त्यांच्या मुलांचे, आणि अमेरिकेतील गोऱ्या मुलांचे, लक्ष त्या मानाने कमी राहिले. मुलींच्या शिक्षणाविरुद्ध हा पुरावा आहे असे कोणी सांगू लागेल तर त्याला मी प्रथम विरोध करीन. ज्या मुलाला सदैव त्याच्यापुरतेच, त्याच्याकडे तोंड करूनच शिकविले जाते, त्याला न सांगितलेल्याकडे पाहण्याची गरज वाटत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो. लक्ष देणे हीही एक सवय आहे, आणि आपले लक्ष कोठेतरी उपयोगी पडते असा अनुभव आल्याशिवाय ती लागत नाही.

लक्ष दिल्यावर मूल काय उचलील याचा मात्र नेम नसतो. गवयाच्या शिष्यांत हे नेहमी दिसते. गुरूची तान गळ्यात उतरावयास दहा वर्षे लागतात. गुरूचे तोंड वाकडे करणे आणि हात फेकणे पहिल्या वर्षात उतरते. श्राद्धाच्या वेळी पणजोबांनी मांजर बांधले म्हणून पणतू मांजर विकत आणून बांधतो, ही गोष्ट आपण हसत हसत सांगतो. पण २००५ साली हॉर्नर आणि व्हायटेन यांनी खरोखरच एक पेटी घेऊन असा प्रयोग केला. पेटीतून खाऊ काढावयाचा. दाखविणारा मध्येच दोन-चार निरर्थक ठोकेही मारतो. पेटी पारदर्शक केली आणि ते ठोके निरर्थक आहेत हे दिसू लागले, तेव्हा चिंपांझींनी ते सोडून दिले. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र ते ठोकेही इमानाने मारले. माकडापेक्षा माणसाचे पोर मूर्ख, असे म्हणावयाचा मोह होतो, पण तसे नाही. मोठे माणूस करते त्यात काही अर्थ असलाच पाहिजे असा विश्वास मुलाजवळ असतो. त्या विश्वासावर भाषा, रीतभात, पूजा, सारे चालते. आपण त्याच्यासमोर काय करतो याची जबाबदारी त्यामुळेच येते.

याहून महत्त्वाचा प्रयोग आल्बर्ट बांडुरा यांचा आहे. १९६१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे त्यांनी बालवाडीतील ७२ मुले घेतली. काहींच्या समोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला गुद्दे मारले, हातोडीने बडविले, शिव्या दिल्या. पुढे त्या मुलांना खेळावयास सोडले तेव्हा त्यांनी तेच गुद्दे आणि तेच शब्द उचलले. बाहुला मारण्यासाठीच असतो, त्यावरून सगळ्या जगातल्या मारामाऱ्यांचा उगम सापडला असे मानू नये, ही टीका झाली आणि ती योग्य आहे. पण १९६५ सालचा त्यांचा पुढचा प्रयोग मला अधिक विचार करावयास लावतो. या वेळी काही मुलांनी मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली. त्या मुलांनी अनुकरण कमी केले. आपण म्हणू, चला, धडा बसला. नंतर त्यांना सांगण्यात आले की त्या माणसाने काय काय केले ते करून दाखवाल तर बक्षीस मिळेल. त्यांनीही इतर मुलांइतकेच सारे करून दाखविले. म्हणजे शिकून झालेले होते. फक्त आत ठेवलेले होते.

आपल्या वार्षिक सभेत मुले मागच्या बाकांवर बसलेली असतात. आपण त्यांच्याकडे पाहत नाही. ती आपल्याकडे पाहतात. कोषाध्यक्षांचा हिशेब वाचून होण्याआधीच कोण ओरडतो, मतभेद झाला म्हणजे कोणाच्या जातीचा उद्धार होतो, आणि सभा संपल्यावर जिन्यात कोण काय बोलतो, हे ती शिकतात. त्याच सभेत दोघे सभासद एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात आणि नंतर एकाच रिक्षातून घरी जातात, हेही ती शिकतात. दोन्ही आमच्याकडे घडते. आज ती काही करीत नाहीत म्हणून त्यांनी काही घेतले नाही असे समजू नये.

भाषेचेही असेच आहे. आमची मुले मराठी बोलत नाहीत, हिंदीत उत्तर देतात, अशी खंत प्रत्येक घरात ऐकू येते. बाळाला मराठी येत नाही असे आजी सांगते, आणि सांगते ती सूनबाईला हिंदीत. आपल्या बापजाद्यांनी शिंदेशाहीपासून येथे मराठी टिकविली ती वर्ग भरवून नव्हे. स्वयंपाकघरात आणि ओटीवर ती चालू होती, एवढ्यानेच टिकली.

आता कामाचे बोलतो. आपले हिशेबनीस गेली कित्येक वर्षे रोजकीर्द आणि खतावणी एकहाती लिहीत आले आहेत. पावती फाडणे, बँकेचा मेळ घालणे, तपासनिसाच्या शंकांना उत्तरे देणे, निबंधकांकडे दरसालचे कागद पाठविणे, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे. वय सत्तरीच्या पुढे आहे. ते समोर बसले आहेत आणि मी वय बोलून दाखविले याचा राग मानणार नाहीत अशी आशा आहे. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची नाही. उद्या ते गावाला गेले तर कपाटाची किल्ली मिळेल, पण कपाटात काय आहे हे कोणाला सांगता येणार नाही. पन्नास वर्षांच्या संस्थेची ही स्थिती आहे, आणि ती तरुणांच्या उदासीनतेमुळे आलेली नाही. त्यांना आपण कधी बोलावलेच नाही. शिष्यवृत्तीचा धनादेश आपण मुलाला व्यासपीठावर देतो, छायाचित्र काढतो आणि पाठवून देतो. ते पैसे कोणत्या ठेवीच्या व्याजातून आले, किती अर्ज होते, कोणाला का नाकारले, हे त्याने पाहिले असते, तर दहा वर्षांनी नोकरीला लागल्यावर त्याला आपल्याकडे पत्र लिहावेसे वाटले असते.

मी तीन गोष्टी मागतो. त्यांना पैसा लागत नाही. हिशेबनिसांच्या शेजारी दर शनिवारी दोघा तरुणांना, एक मुलगा आणि एक मुलगी असे, बसवावे. पहिले तीन महिने त्यांनी फक्त पावत्या क्रमाने लावाव्यात. कीर्द लिहावयाचे नंतर. शिष्यवृत्ती समितीत मागील वर्षांच्या एखाद्या विद्यार्थ्याला मत नसले तरी जागा द्यावी. आणि उत्सवाच्या पाच दिवसांपैकी निदान एका दिवसाचा स्वयंपाक पुन्हा मागच्या अंगणात व्हावा. केटररची सोय हवी तर बाकीच्या चार दिवसांसाठी ठेवावी. त्या एका दिवशी पुरण बिघडेल. वरण पातळ होईल, मीठ वाढणारा मुलगा एखाद्या पानावर दोनदा वाढील आणि एखादे पान विसरेल. त्या वेळी ओरडून परात हिसकावून घेऊ नये. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याची चूक गुरू झाकतो तशी झाकावी, आणि पुढच्या पानाकडे त्याला जाऊ द्यावे.

अंगणातली जुनी चुलाणे मोडली आहेत, पण विटा कोपऱ्यात रचून ठेवलेल्या आहेत, त्या मी आज येताना पाहिल्या. भाद्रपदाला अवकाश आहे. कार्यकारी मंडळाने याच महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.